शेवटी उचललेली भिशी

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये आठ माणसं होती. त्यांत ती वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव पडलं धाकटी. तिचं काम मेणाचं. गुलाबी मेणाच्या हिरड्या करायच्या आणि त्यांत एकेक दात असा बसवायचा, की ज्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात तो जाईल त्याला आपलंच जुनं हसू परत मिळाल्यासारखं वाटावं. हात चांगला होता तिचा. पण दिवसभर मान खाली, तोंडावर मास्क, शेजारी घासायच्या यंत्राची घरघर. बोलणार कोण आणि ऐकणार कोण?

राहायची खोली दोन नर्सबरोबर वाटून घेतलेली. त्यांच्या पाळ्या अशा, की धाकटी घरी आली की एक कामावर गेलेली असायची आणि दुसरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली. दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचं तर जिन्यात जायचं. भाडं भरूनही धाकटी तिथे चोरासारखी वावरायची.

पहिला पगार झाला तेव्हा आईनं फोनवर बजावलं होतं, "आधी बाजूला काढ, मग खर्च कर. उरतील ते टाकीन म्हणशील, तर जन्मात उरायचे नाहीत." म्हणून हिशेब पाहणाऱ्या ताईंनी लॅबमध्ये भिशी सुरू केली तेव्हा धाकटीनं लगेच नाव दिलं. दर महिन्याला आठही जणांनी ठरलेली रक्कम आणायची, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी उचलायची. एकदा उचलली की पुढच्या चिठ्ठ्यांतून त्याचं नाव बाद, हप्ता मात्र शेवटपर्यंत भरायचा. धाकटीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पलीकडच्या गल्लीत एका शिंपीणबाईंची खोली रिकामी होती. एकटीपुरती, रस्त्याकडे खिडकी असलेली. तिची अनामत भिशीच्या पैशांत बरोबर बसत होती.

पगाराच्या शनिवारी काम संपलं की सगळे प्लास्टरच्या टेबलाभोवती जमायचे. प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, चहा यायचा, आणि भट्टी सांभाळणारा मालकाची नक्कल सुरू करायचा. मग म्हणायचा, "हसा, हसा. हसेल त्याचे दात दिसतील. ज्याचे दिसणार नाहीत त्याला मी करून देतो!" तासभर कुणी उठायचं नाही. महिन्यातला तेवढा एक तास धाकटीला आपण कुणात तरी आहोत असं वाटायचं.

दुसऱ्याच महिन्यात तिची चिठ्ठी निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पॉलिशवाले काका तेवढे गप्प.

"काका, चेहरा का पडलाय?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. मुलीची फी भरायचीय. निघेल माझी पुढच्या वेळी."

"मग तुम्हीच घ्या ना. मी थांबते."

"ही कसली धाकटी, ही तर आमची आजीबाई!" ताईंनी तिला जवळ घेतलं. तू राहतेस कुठे, जेवणाचं काय करतेस, अशी चौकशी त्या दिवशी पहिल्यांदा झाली. घरी जाताना धाकटी एकटीच हसत होती.

चौथ्या महिन्यात चिठ्ठी पुन्हा तिचीच. आता शिंपीणबाईंना तिनं शब्द दिला होता, रविवारी अनामत घेऊन येते म्हणून. पण भट्टीवाला तिच्याकडे वळला, "धाकटे, तुला काही घाई नाही ना? माझ्या घराचं छप्पर गळतंय गं." ओठांवर आलेलं तिनं गिळलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तसं बघितलेलं तिला हवंहवंसं वाटत होतं.

"घ्या की," ती म्हणाली.

आई फोनवर चिडली. "लोक चांगली म्हणतात म्हणून भाडं माफ होतं का? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि तू तर भरलेलं ताट उचलून देतेस! त्या खोलीचं काय?"

"गेली. मिळेल गं दुसरी."

आपला नंबर बाकी आहे तोवर ही माणसं आपल्याला धरून राहतील, असं तिला वाटत होतं. हे आईला कसं सांगणार?

सातव्या महिन्यात ताई आणि धाकटी, दोघींचीच नावं उरली. "आता चिठ्ठी कशाला काढायची?" कुणीतरी म्हणालं. "या महिन्यात ताई, पुढच्या महिन्यात धाकटी."

"मग थांबायचं तरी कशाला?" भट्टीवाल्यानं पिशवी खांद्याला लावली. "फोनवरून पाठवून देऊ." बोलता बोलता सगळे दारापर्यंत पोचलेसुद्धा.

तिच्या शनिवारी दुपारपासून तिचा फोन वाजत होता. एकेकाचा हप्ता येत होता, वेळेवर आणि पुरता. तरी काम संपल्यावर ती टेबलापाशी थांबली. सगळ्यांना पुरतील एवढी बिस्किटं आणली होती तिनं. काका घरी निघताना डोकावले.

"अजून इथेच? माझे मिळाले ना?"

"मिळाले, काका. बसता का जरा?"

"नको गं, उशीर होतोय. जाताना दिवा बंद कर हं."

सोमवारी ताई म्हणाल्या, "नवी भिशी सुरू करतोय. तू आहेस ना?"

"आहे. पण चिठ्ठी निघाली की या वेळी मीच उचलणार."

"म्हणजे काय? तुझाच हक्क!" ताई सहज म्हणाल्या आणि पावत्यांत डोकं घातलं.

शिंपीणबाईंच्या खोलीत एव्हाना दुसरंच कुणी राहत होतं. धाकटीला त्याच पैशांत तिच्या मागच्या इमारतीतली खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर भिंत. रविवारी दुपारी ती राहायला गेली आणि तिनं आईला फोन लावला.

"पैसे मिळाले सगळे?" आईचा पहिला प्रश्न.

"मिळाले."

"कुणी बुडवले तर नाहीत?"

"एकानंही नाही."

"सुटले बाई! महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता माझ्या." आणि लगेच तिनं विचारलं, "अगं, मग तुझा आवाज असा का येतोय?"

"घुमतोय," धाकटी म्हणाली. "खोलीत सामान नाही ना अजून."