ट्रॅकरवरचा समुद्र

ओमानमधल्या सलालाहच्या पावसाळ्यात धुकं डोंगरावरून थेट रस्त्यावर उतरतं. साइटवर जाताना अशाच धुक्यात उंटांचा कळप आमच्या गाडीसमोर येऊन उभा राहिला. तिथे उंटांना हॉर्न देत नाहीत, थांबतात. आमच्या ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं आणि काचेवरून सरकणाऱ्या उंच सावल्या पाहत आम्ही दोघं बसून राहिलो.

कंपनीच्या ट्रॅकरने मात्र तेवढा वेळ गाडी समुद्रकिनारी उभी दाखवली. ड्यूटी सोडून भटकले म्हणून काकांना कामावरून काढलं. ते कोर्टात गेले. मी साक्ष दिली, "मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो."

दुभाष्यामार्फत न्यायाधीशांनी विचारलं, "मग कॉम्प्युटर खोटं बोलतोय?"

माझं डोकंच फिरलं. "मग मी बोलतोय का?"

ते समजुतीने हसले. ट्रॅकर बिघडल्याचा पुरावा आम्ही द्यायचा होता आणि ट्रॅकर होता कंपनीकडे. आम्ही हरलो.

काका रत्नागिरीला परतले. मीही ओमान सोडलं. अजून ते धुकं आठवतं, उंट आठवतात. पण हल्ली त्यांच्या पायांखाली वाळू असते, आणि मागून लाटांचा आवाज येतो.