बोगद्यातली राक्षसीण

धाऊ सुतार तरुणपणी कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर होता. तिथले बोगदे आणि माणसं ढकलत नेतात ती रुळांवरची गाडी त्याच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. मुरबाडला परतल्यावर त्याने सागाचे रूळ केले, लाकडी ढकलगाडी केली आणि ताडपत्री शिवून लांब, वळणावळणाचा बोगदा बनवला. जवळच्या म्हसा गावच्या १९३८च्या यात्रेत तो पहिल्यांदा उभा राहिला. आत मिट्ट काळोख असे. गाडी पुढे सरकली की वळणावर घासलेटची चिमणी दिसे आणि तिच्या उजेडात गोष्टीतला एकेक प्रसंग. पाण्याला निघालेली मुलगी, चकवा लावणारं रान, डोंगराच्या पोटातलं राक्षसिणीचं घर. शेवटी मुलगी सुटे आणि गाडी एकदम उन्हात बाहेर येई.

सगळं लाकडाचं नि चिंध्यांचं होतं. राक्षसीण तेवढी जिवंत होती. ती सावळी.

सावळी आटगावच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतली. नवरा मधासाठी कड्यावर चढला तो पडून गेला. मूल नव्हतं. शेजारणीचं तान्हं दगावलं तेव्हा वाडीत कुजबुज सुरू झाली, सावळी दिसली की बाया पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ती समजली आणि काम शोधत मुरबाडला धाऊकडे आली. राक्षसिणीसाठी धाऊने आधी तालमीत दोन गडी बसवून पाहिले होते. ते आपणच हसत सुटायचे. सावळी हसली नाही.

चेहऱ्याला काजळी फासून, केस मोकळे सोडून, भोपळ्याच्या कवटीचे दात तोंडात बसवून ती पाठमोरी जात्यावर बसे. काळोखात आधी जात्याची घरघर ऐकू येई. गाडी जवळ आली की घरघर थांबे, आणि त्या शांततेत ती सावकाश मान वळवी. आतून किंकाळ्या येत, बाहेर पडल्यावर तीच माणसं हसत. सावळीला ते आवडायचं. इथे लोक तिला भिऊन झाल्यावर हसत होते.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लडकू नावाचा शेतकरी आपल्या लहानग्या पोरीला, जनाला, घेऊन गाडीत बसला. नेमकी राक्षसिणीच्या घरासमोर गाडी रुळावरून घसरली. धक्क्याने चिमणी पडून विझली. मागून धाऊ ओरडत होता, लडकू गाडीखाली चाचपत होता आणि पोर रडत होती. सावळीला राहवलं नाही. तिने अंधारात हात पुढे केला, पोरीचा हात धरला आणि भिऊ नको म्हणून सांगितलं. पण तोंडात ते भोपळ्याचे दात होते. शब्द कसलेच बाहेर आले नाहीत, नुसती घरघर आली.

जना एकदम गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू चार माणसं घेऊन आला. पोर तापाने फणफणली होती. पाणी घेत नव्हती, बोलत नव्हती. त्यांच्यातल्या विठूने सावळीची चौकशीही करून ठेवली होती.

"हिच्या वाडीतपन हिला भुताळी म्हनतात," तो म्हणाला. "हिनंच धरलीय."

धाऊने सावळीला बाजूला घेऊन मागच्या ताडपत्रीखालून निघून जायला सांगितलं, मी यांना बघतो म्हणाला. सावळीने लहानपणी एका बाईला भुताळी म्हणून गावाबाहेर हाकलताना पाहिलं होतं. ती बाई पळाली होती, आणि पळाली म्हणूनच लोकांची खात्री पटली होती. सावळीने दात पदरात बांधले आणि लडकूला म्हणाली, चला.

कापणी झालेल्या शेतांतून ते निघाले. दोघे पुढे, दोघे मागे, मध्ये ती.  

लडकूच्या अंगणात गाव जमलं होतं. ती आत येताच कुणीतरी मागे कुंपणाच्या दाराची झाप लावून घेतली. लडकूची बायको बाईजा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी भूतबाधा उतरवणारा म्हातारा बुधू भगत होता. त्याने सावळीला पोरीला सोडायला सांगितलं.

"मी धरलीच नाय तर सोडू कशी?" सावळी म्हणाली. "मना तवा द्या. काजळी पायजे."

कुणी हललं नाही. शेवटी बाईजानेच चुलीजवळचा तवा तिच्याकडे सरकवला.

सावळी पोरीपासून लांब, उन्हात बसली. काजळी बोटांवर घेऊन आधी कपाळाला, मग गालांना लावली. जना बघत होती. मग सावळीने केस सोडले. पदराची गाठ सोडून दात तोंडात बसवले आणि मान वर केली.

जनाने किंकाळी फोडली.

विठूची काठी सावळीच्या उजव्या खांद्यावर बसली. ती कोलमडली. दुसरा तडाखा पडणार तेवढ्यात बाईजा ओरडली, "थांबा! तिला आवाज फुटला!"

काठी तशीच हवेत राहिली. सावळीने डाव्या हाताने दात काढले आणि जमिनीवरून पोरीकडे घरंगळत सोडले. जनाने ते लगेच घेतले नाहीत. आईच्या कुशीतून बराच वेळ पाहिलं, मग बोटाने टोकरलं.

"भोपळ्याचं हाय," ती म्हणाली. नंतर तिने पाणी मागितलं.

ताप आणखी काही दिवसांनी उतरला. बाईजाने सावळीच्या खांद्याला हळद लावून तिला जेवू घातलं. विठू मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की हिनेच धरली आणि हिनेच सोडली. त्याला मानणारेही होते.

सावळी पुन्हा जात्यावर बसली नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. धाऊच्या घरीच राहून ती डाव्या हाताने लाकूड कोरायला शिकली आणि पुढच्या वर्षीची राक्षसीण तिनेच घडवली. लाकडी राक्षसिणीला लोक फारसे भ्याले नाहीत. पुढे लढाईच्या दिवसांत ताडपत्री मिळेनाशी झाली आणि बोगदा बंदच पडला. सावळी पोरांसाठी लाकडी बैल, बाहुल्या करू लागली, त्या म्हशाच्या यात्रेत खपत.

एकदा वाडीतून तिचा धाकटा दीर गोमा आला. आता कुणी काही बोलत नाय, चल घरी, म्हणाला. सावळीने त्याला भाकरी वाढली, वाडीतल्या एकेकाची खुशाली विचारली. जेवून तो एकटाच परत गेला.