‘मान्य’चं बटण

रविवारी दुपारी मी घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवते. विमान खोटं, पण इंटरनेटच्या पलीकडे बसून विमानांना उंची नेमून देणारा हौशी कंट्रोलर खराखुरा माणूस असतो. काल माझं विमान अरबी समुद्रावर होतं. टिंग वाजलं आणि पडद्यावर त्याचा मेसेज उमटला : ‘छत्तीस हजार फुटांवर जा.’ मी ‘मान्य’चं बटण दाबलं आणि चहा आणायला उठले.

परत येते तर दुसरा मेसेज : ‘तुमची उंची कळवा.’ मी अजून चौतीस हजारांवरच होते, आणि ती उंची त्याने मागच्या विमानाला देऊनही टाकली होती. मी घाईघाईने विमान वर घेतलं. विमान खोटं असूनही चहा तसाच राहिला.

कंट्रोलरशी रेडिओवर बोलताना त्याची सूचना शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवावी लागते. त्यात अडखळणं ऐकू येतं, घाबरलेला श्वास ऐकू येतो. बटणाचा होकार मात्र नेहमी सारखाच दिसतो, मनात नसताना दिलेलासुद्धा.

शेजारी फोन पडला होता. त्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीचे महिनाभराचे मेसेज. जेवलीस? हो. बरी आहेस ना? हो. त्या एकेका ‘हो’वर मी रोज निर्धास्त झोपले होते.

मी फोन लावला.

“आई? काय झालं गं?”

“काही नाही. तू बरी आहेस ना? मेसेज नको, तोंडाने सांग.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.