बैलाची सुट्टी आणि आबाजींच्या फिती

आमच्या आबाजींना मिलिटरीत शिक्षा झाली होती.

आणि ही गोष्ट आमच्या घरात पेढे वाटल्यासारखी सांगतात. हसू नका, खरं सांगतेय.

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. मेडशीचे. दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या कंपनीत होते, डोंगरात रसद पोचवायचे. इटलीपर्यंत गेले. नाईक झाले. बाहीवर दोन फिती!

इकडे त्यांच्या वडिलांनी मेडशी ते मालेगाव एक माणूस सोडला नाही. "आमचा पोरगा नाईक झाला बरं का!"

तर तिकडे एकदा आबाजींच्या तुकडीला एक दिवसाची लीव्ह मिळाली. सकाळी बोटीनं जवळच्या छोट्याशा बेटावर जायचं, हिंडायचं, पाचच्या बोटीनं परत.

बेटाचं नाव त्यांना कधीच धड सांगता आलं नाही. दिवस मात्र पक्का आठवायचा.

पोळा होता. पलटणीत एकाच्या पेटीत पंचांग होतं, त्यात पाहिलेलं.

बाकीचे सोबती बंदरावरच द्राक्षाची दारू घेऊन बसले. बेटावर गाडी-मोटर काहीच मिळेना. आबाजी एकटेच पायी निघाले.

बैल शोधायला!

"कायले पन, आबाजी?" मी दरवेळी विचारायची.

"अवं, पोळ्याच्या दिशी बैलाच्या पाया नाही पडलो असं कधी झालंच नोतं. झूल नाही, पुरनपोळी नाही. निदान हात तं जोडतो म्हनलं."

अर्धा दिवस माणूस हिंडला. दगडी बांध, लिंबाच्या बागा, पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद वाटा. "जिकडं पाह्यलं तिकडं समुंदर. अन् जनावर इचारशीन तं गधे अन् बकऱ्या!"

दुपारी एका वळणावर विहीर लागली. विहिरीवर रहाट. आणि रहाटाला जुंपलेला एक म्हातारा बैल, डोळ्यांवर पट्टी, गोल गोल फिरत होता.

पोळ्याच्या दिवशी कामाला!

आबाजींचं डोकंच फिरलं. सरळ गेले, बैल सोडला, पट्टी काढली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

शेताची मालकीण, एक बुढी, काठी घेऊन धावत आली. तिला वाटलं, हा फौजी माझा बैल चोरून राह्यला. भाषा ना हिला त्याची येते, ना त्याला हिची. आबाजींनी डोक्याला दोन बोटं लावून शिंगं केली, गालाखाली हात घेऊन झोप दाखवली.

"आज याची सुट्टी हाय, माय!"

बुढीनं सुकत चाललेल्या टमाट्यांकडे बोट दाखवलं. ते त्यांना लगेच समजलं. शेतकऱ्याचंच पोर ते.

मग काय! रहाटाचा दांडा आबाजींनी स्वतःच्या खांद्यावर घेतला.

बैल अंजिराच्या सावलीत बसला. बुढी आधी पोट धरून हसली, मग पाव घेऊन आली. त्यातला पहिला तुकडा आबाजींनी बैलाला दिला.

चार वाजले. अर्धं वावर ओलं, अर्धं कोरडं. आत्ता निघाले तर बोट सापडते. पण ते निघाले की बुढी बैल परत जुंपणार, हे स्पष्ट दिसत होतं.

आबाजी गेले नाहीत.

शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं तेव्हा बोट टिकलीएवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या होडीतून परत आले. ऐन लढाईत नाईक गायब म्हणजे काय, कल्पना करा. सुभेदार भला माणूस. साहेबापुढे उभं करायच्या आधी त्यानं कानात सांगितलं, "ऊन लागून पडलो होतो म्हण. फिती वाचतील."

गोऱ्या साहेबानं विचारलं, उशीर का?

आबाजी ताठ उभे. "बैलाची सुट्टी होती, साहेब. त्याचं काम मी केलं."

फिती कापल्या.

मी एकदा चिडून म्हटलं, "आबाजी, एक खोटं बोलले असते तं काय बिघडलं असतं?"

"पोळ्यापायी थांबलो अन् पोळ्याचंच नाव लपवू? मंग थांबलो कायले?"

बाप्पा! 

लढाई संपली, पण घरी येताना त्यांना भीती एकाच माणसाची होती. वडिलांची. वडील अर्धा गाव घेऊन वेशीवर उभे. त्यांची नजर पहिले बाहीवर गेली. तिथे नुसती शिवणीची भोकं.

"नायकी कुठं गेली?"

आबाजींनी चारचौघांत सगळं सांगितलं. गाव खदाखदा हसलं. "बैलापायी फिती देल्ल्या लेकानं!"

वडील हसले नाहीत. वळून घराकडे चालू लागले. पुढे कैक महिने नायकीचा विषयच घरात निघाला नाही. आबाजी म्हणायचे, फिती कापल्या तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मग पोळा आला. सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या. वडील आपल्या जोडीचा कासरा तिथे कधीच कोणाच्या हाती देत नसत, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही.

त्या दिवशी साऱ्या गावादेखत त्यांनी तो आबाजींच्या हातात दिला. आणि मोठ्यानं म्हणाले,

"धर, नाईक."

तेव्हापासून शेवटच्या श्वासापर्यंत मेडशीनं त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

आज त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

नाईक आबाजी, तुमच्या नातीचा रामराम घ्या. लई आठवण येते तुमची.