डोक्याचं वजन

निवृत्त झाले त्याच वर्षी माझी मान धरली. तेवीस वर्षं बिदर-औराद गाडीवर कंडक्टर होते, तेव्हा कधी दुखण्याची रजा टाकली नाही, अन् घरी बसल्यावर दोन महिन्यांत ही गत. कुणी हाक मारली की अख्खं अंग वळवायचं. पौर्णिमेला विहारात शेजारची बाई काही बोलली तर मी मांडी मोडून फिरायची. मग बायांनी बोलणं कमी केलं, की मीच कोपरा धरून बसायला लागले, आता सांगता येत नाही.

घरात मी एकटी. मालक जाऊन चार वर्षं झालेली, लेक पुण्यात. रविवारी तिचा फोन यायचा. "बरी हायस का?" "बरी हाय." मग फोन ठेवायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या अन् मागच्या व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथं दखनी बोलणारी एक तरुण पोरगी होती. मला वाटलं, आता मान ओढणार, वजनं लटकवणार. तिनं मला सतरंजीवर उताणं झोपवलं, दोन्ही गुडघे उभे करायला लावले.

"अम्मा, एक घुटना बाजू में जाने देव. आहिस्ता. जोर नक्को."

मी गुडघा पाडला.

"इत्ता जल्दी नक्को. गाडी छूट रई क्या?"

मला हसू आलं. माझी नोकरी काय होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

"किती वेळा करू?"

"गिनना नक्को. कहाँ अटक रा, बस वो देखो."

मी पाहायला लागले. गुडघा इंच इंच खाली चालला होता अन् दुसऱ्या पायाची बोटं जमिनीला गच्च रोवलेली. संतपूरच्या वळणाला, ब्रेकला, खड्ड्याला तोल जाऊ नये म्हणून उभ्यानं लागलेली सवय. खालची फरशी काही हलत नव्हती, तरी बोटं सुटेनात.

मग ती डोक्याशी येऊन बसली. दोन्ही तळवे माझ्या डोक्याखाली घातले.

"सर मेरे हात में छोड देव."

"सोडलंय की."

"नै छोडे अम्मा. तुमिच पकडके हैं."

तिनं काही ओढलं नाही, दाबलं नाही. नुसती थांबून राहिली. खरंच, डोकं मी तिच्या हातांवर अधांतरी धरलं होतं. माझ्या डोक्याला शेवटचा कुणाचा हात लागला, ते मी आठवायला लागले अन् मधेच थांबले.

मंगळवारी अन् शुक्रवारी जायची. घरून निघताना नेसायचं लुगडं आदल्या दिवशी काढून ठेवायची; दुसरं कुठं जायचंच नव्हतं. पाचव्या की सहाव्या खेपेला असंच पडल्या पडल्या डोकं एकदम जड झालं. मी काही केलं नव्हतं.

"हां," ती हळूच म्हणाली. "अब आया वजन."

डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. तिनं विचारलं नाही, हातही हलवला नाही.

पुढच्या महिन्यात ती कलबुर्गीला बदलून गेली. जागेवर आलेल्या माणसानं कन्नडमध्ये छापलेला एक कागद दिला. त्यात चित्रं होती अन् प्रत्येक चित्राखाली 'दहा वेळा' लिहिलेलं. कागद घेतला, पण तिथं जाणं बंद केलं.

आता दुपारी घरीच पडते. टॉवेलची घडी डोक्याखाली घेते, गुडघा सावकाश सोडते, श्वास पोटात उतरू देते. कधी डोकं घडीवर टेकतं. कधी तासभर पडूनही टेकत नाही. मान डावीकडं पुरती वळते, उजवीकडं थोडी अडते.

मे महिन्यात लेक दोन दिवस आली. बाजारातून येताना म्हणाली, "आई, इतकी हळू कामून चालायलीस?"

"घाई कशाची हाय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरत होती. तिला म्हणावं वाटलं, जरा माझ्या डोक्याखाली हात धर, बाकी काही करू नकोस. दोनदा तोंड उघडलं. तिनं चेन ओढली, घड्याळ पाहिलं.

"शेंगाची चटणी घेतलीस का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.