शेवटच्या कडव्यातलं नाव

भंगाराच्या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो: समोरच्याला काय हवंय, ते त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. शिरूरला गोदाम टाकलं तेव्हा हातगाडीसुद्धा भाड्याची होती. आज कारखान्यांचे मॅनेजर आपण होऊन फोन करतात. हे सांगतोय अशासाठी, की आमच्या वस्तीच्या शाहिरानं मला गाठलं तेव्हा मी कुणी भोळा माणूस नव्हतो. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आमचं गाव दौंड तालुक्यात. बौद्धवस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट एका बागायतदाराच्या उसातून जाते. त्याला सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. ग्रामपंचायतीला वस्तीनं त्याच्या मुलाला मतं दिली नाहीत म्हणून त्यानं वाटेवर काटेरी तार ओढली. त्याच आठवड्यात शाहिराची बायको गेली. शाहीर पोटासाठी गवंडीकाम करायचा, पण वस्तीवर काहीही घडलं, अगदी पाण्याची टाकी फुटली तरी, त्यावर त्याचं गाणं यायचंच.

तिरडी तारेपाशी खाली ठेवून माणसं उभी होती. बोलणी करायला मला शिरूरहून बोलावलं. आप्पा अंगणात दाढी करून घेत होता. दाढी पुरी होईपर्यंत त्यानं मला उभं ठेवलं, मग सौदा झाला. मयतासाठी तार उघडायची, आज आणि पुढंही. बदल्यात आम्ही पोलिसांत जायचं नाही. चांगला सौदा होता, आजही म्हणतो. शाहिराला मी विचारलं नाही. बायको मेलेल्या माणसाला काय विचारायचं?

जयंती जवळ आली तेव्हा कळलं, त्यानं त्या सकाळच्या प्रकारावर गाणं रचलंय. एका कडव्यात तार होती, दाढी होती, आप्पाचं नाव होतं. बायका धुणं धुताना ते म्हणत होत्या. आप्पाचा निरोप आला, गाणं झालं की सौदा मोडला. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी शाहिराचं घर गाठलं.

"आबा, ते कडवं गाळा."

तो थापी घासत बसला होता. "चार ओळी हायेत. तेवढ्यानं आप्पा मरतोय व्हय?"

"वाट बंद व्हईल. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"बायको," तो म्हणाला. "बोल, कितीला बसंल?"

माझं डोकं फिरलं. जे बोललो ते लिहितो. "ती जित्ती व्हती तवा दवाखान्यात न्यायला माझीच गाडी आली. आता तिच्या मढ्यावर टाळ्या घ्यायच्या तर घ्या."

थापी थांबली. "बरं. त्या कडव्यातला एक शब्द माझ्या तोंडातनं निघायचा न्हाई."

पहिल्याच बोलीला हो म्हणणारा माणूस मालात काहीतरी लपवतो. हे मला कळायला हवं होतं.

जयंतीला विहारापुढं मांडव होता. ढोलकीवाला कवठे येमाईहून आलेला. शाहीर ओळ म्हणायचा, मागच्या बायका तीच ओळ उचलायच्या. ते कडवं आलं आणि त्यानं तोंड मिटलं. नुसती ढोलकी वाजत राहिली. मग त्यानं न म्हटलेली ओळ बायकांनी उचलली. चारही ओळी उचलल्या, आप्पाच्या नावासकट. शाहिरानं शब्द पाळला होता.

आमच्याकडं शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. गाणं कुणाचं, ते त्यावरून कळतं. त्याच्या आजवरच्या प्रत्येक गाण्यात त्याचं नाव होतं. या गाण्यात त्यानं माझं नाव घातलं. लोक माझ्याकडं वळून टाळ्या वाजवू लागले. पोरांचे मोबाईल माझ्यावर रोखलेले. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तार बंद.

आई आषाढात गेली. मी आप्पाच्या अंगणात गेलो. त्यानं मोबाईल काढला आणि अख्खं गाणं मला उभ्यानं ऐकवलं. "कवी झालास म्हण की," तो म्हणाला. "मग ने आईला कवितेतनं."

तक्रार करायची तर आईला घरात किती दिवस ठेवणार? आम्ही तिला ओढ्यातून नेलं. पाणी कमरेला लागत होतं. मध्यावर एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचा हात बाहेर येऊन पाण्यात लोंबला. तो हात उचलून आत ठेवला शाहिरानं. पुढचा खांदा त्याचाच होता.

आईच्या जलदानविधीला सगळी वस्ती जमली. जेवणाआधी मी त्याच्यापाशी गेलो. बदल्यात काही न देता कुणाकडं काही मागायची मला सवय नाही. त्या दिवशी मागितलं.

"आबा, आईवर चार ओळी म्हणा."

"म्या कशाला?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कवी तू हायेस. तूच म्हण. शेवटाला नाव घालायला इसरू नगंस."

मग त्यानं बायकांना खूण केली. त्या पदर सावरून बसल्या, माझी ओळ उचलायला. मी उभा राहिलो. या वेळी न म्हटलेली ओळ कुणालाच पाठ नव्हती.