जपून ठेवलेल्या खुर्च्या

मुलीचं बाळंतपण आटपून मी कितीतरी महिन्यांनी पुण्याहून बेंगळुरूला परतले आणि दुसऱ्याच दिवशी भांडले. भांडखोर म्हणून माझा लौकिक आहेच, नोकरीत असताना साहेबसुद्धा मला टरकून असायचे. पण त्या दिवशी तर देवमाणूसही भांडला असता.

येलहंक्यात आमच्या घराजवळ अपंग मुलांचं एक केंद्र आहे. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी तिथे मदतीला जाते. बरीचशी मुलं मान धरत नाहीत, त्यांची पाठ ताठ राहत नाही. त्यांना चटईवर निजवायचं आणि मांडीवर आडवं घेऊन भरवायचं, हीच आमची वर्षानुवर्षांची रीत. दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक बाई इथे स्वयंसेवक म्हणून आली. तिने आल्या आल्या फ्रिजची रिकामी खोकी मागवली आणि पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून मुलांसाठी खुर्च्या करायला घेतल्या. खुर्ची ज्या त्या मुलाच्या मापाची. पाठीला आधार, पायांना फळी, पुढे ताट ठेवायला पाट. वाळली की लाकडासारखी टणक. मूल वाढलं की नवी करायची, जुनी धाकट्याला द्यायची. मुलं तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो.

पाच वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडायला जाते. खुर्चीत बसायला लागल्यावर या पोरीने चमचा धरला. निम्मं तोंडात, निम्मं अंगावर, पण स्वतःच्या हाताने. तिच्या आईने ते पहिल्यांदा पाहिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन रडून आली. मी पुण्याला गेले तेव्हा ती मुलगी रोज तशी जेवत होती.

परतून पाहते तर सगळी मुलं पुन्हा चटईवर आडवी. खुर्च्या ऑफिसातल्या कपाटावर ओळीने मांडलेल्या, वर प्लास्टिक गुंडाळून दोरी बांधलेली. मी मॅडमना, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांना, विचारलं की हे काय.

"जपून ठेवल्यात, अम्मा," त्या म्हणाल्या. "अक्काला मारतहळ्ळीच्या नव्या केंद्रावर पाठवलं ना, तेव्हाच काढून ठेवल्या. रोज सांडलवंड, रोज पुसापुशी. आता तर ती कायमची मायदेशी चालली. मोडल्या तर नव्या कोण करणार?"

"तुमच्या बाया करतील. हे काम शिकवायला तिने दोघी मागितल्या होत्या ना?"

"निरोपाचा कार्यक्रम आहे. बाया नाच बसवतायत. नंतर बघू, स्वल्प थांबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मॅडम, बसायची वस्तू कपाटावर ठेवून कुणाची पाठ सरळ होते? त्या दुखावल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. चांगली वस्तू वापरायची नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. घरोघरी सोफ्यावरचं प्लास्टिक सोफा विटेपर्यंत निघत नाही. पण सोफा वेगळा आणि लेकरू वेगळं, एवढं तरी कळायला नको?

मी अक्काला फोन लावला. तिने लगेच मॅडमना खुर्च्या उतरवायला सांगितलं. मॅडम तिला "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या, आणि खुर्च्या जागच्या हलल्या नाहीत. मी स्वतः एक उतरवायला गेले तर मॅडमनी स्टूल काढून घेतलं. म्हणे, अम्मा, या वयात पडाल. माझी इतकी काळजी!

निरोपाच्या दिवशी मांडव काय, अक्काच्या डोक्यावर म्हैसूर पेट्याची पगडी काय, अंगावर रेशमी शाल काय. खुर्च्या उतरवल्या, पण स्टेजवर मांडायला, झेंडूच्या माळा घालून. भाषणात प्रत्येकाने अक्काचे आभार मानले. मुलं खाली चटईवर पडून मांडवाचं छत बघत होती. अक्का कुठल्याच भाषणाकडे बघत नव्हती. ती मुलांकडे बघत होती.

भाषणं संपली तशी ती पेटा डोक्यावर असतानाच उठली. एका खुर्चीची माळ काढली, प्लास्टिक फाडलं, आणि त्या कांदे निवडणारीच्या पोरीला उचलून आत बसवायला लागली. पोरगी मावेना. मांड्या अडकल्या, गुडघे पाटाला टेकले, खांदे आधाराच्या वर निघाले. खुर्ची जशीच्या तशी राहिली होती आणि मूल मधल्या काळात वाढलं होतं. अक्काने दुसरी खुर्ची पाहिली, ती त्याहून लहान.

मॅडम गडबडून म्हणाल्या, "चला, आधी जेवून घेऊ."

पानं मांडली. त्या मुलीच्या आईने तिला मांडीवर आडवं घेतलं आणि बिसीबेळे भाताचा चमचा तोंडाशी नेला. पोरीचा हात उठला, चमच्याकडे गेला. आईने तो हलकेच खाली दाबला. "नको कंदा, नको बाळा, सांडेल. नवा फ्रॉक आहे."

मी तिथेच होते. मी आईचं मनगट धरलं आणि म्हटलं, "सांडू दे."

तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने मुलीला स्वतःच्या दोन पायांमध्ये घेतलं, तिची पाठ आपल्या पोटाशी टेकवली, दोन्ही बाजूंनी गुडघ्यांचा आधार दिला आणि चमचा तिच्या हातात दिला. पहिला घास हनुवटीवर, दुसरा रेशमी शालीवर, तिसरा तोंडात. आई तोंडावर पदर धरून बघत राहिली.

अर्धं पान झालं असेल, बाहेर विमानतळाची गाडी आली. रस्त्यावर गर्दी आहे, उशीर होईल, म्हणून मॅडमनी घाई केली. अक्का हलली नाही. गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा तिने मुलीला उचलून माझ्याकडे दिलं. पोरीच्या मुठीत चमचा तसाच होता. मी उभी राहिले. समोर चटई होती, स्टेजवर त्या खुर्च्या होत्या, आणि या मुलीला नेऊन बसवायचं कुठे, हे मला कुणी सांगेना.